हातचं पाणी आणि पंक्तीतली जागा

 सोलापूरच्या भवानी पेठेतून आम्ही बोलतोय.

आमच्या पेठेत एका घरात तेलुगू, शेजारी कन्नड, समोर उर्दू, आणि नळावर आलं की सगळ्यांचं मराठी. कुणी विड्या वळतं, कुणी टॉवेलला शिलाई मारतं, कुणी चार घरची धुणीभांडी करतं. आमच्या बचत गटांत या सगळ्या घरांतल्या बायका आहेत, काही ख्रिस्ती बहिणीही आहेत. मध्यंतरी नाताळच्या तोंडावर एका वारकरी घरातल्या मावशींनी त्यांना सरळ विचारलं, "तुमच्यात सारखं प्रीती, प्रीती म्हणतात. ती रविवारी देवळातच असते, का सोमवारी घरातपण असते?" आजच्या भागात आम्ही या प्रश्नावर बोलणार आहोत. कुणाचा धर्म थोर हे ठरवायला आम्ही बसलेलो नाही. प्रीती रोजच्या कामात कशी उतरते, आणि आपल्या गटाला तिच्यातून काय घेता येईल, एवढंच पाहायचं आहे.

प्रीती म्हणजे माया का?

मराठी बायबलातल्या नव्या करारात जिथं जिथं प्रीती हा शब्द येतो, तिथं मूळ ग्रीक भाषेत बहुतेक ठिकाणी 'अगापे' हा शब्द आहे. पोटच्या पोरावर जी माया असते ती आपोआप येते. ती कुणी शिकवावी लागत नाही. अगापे तशी आपोआप येत नाही. समोरच्याचं भलं व्हावं म्हणून आपण ठरवून जे करतो, ती अगापे.

येशूनं शेजाऱ्यावर आणि वैऱ्यावरसुद्धा प्रीती करायला सांगितलं आहे. आता विचार करा, माया कुणी सांगून येते का? "जावेवर माया कर" असं सासूनं दहा वेळा सांगितलं तरी मनात येईलच असं नाही. पण जाऊ तापानं पडली असेल तर तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायला मनाची परवानगी लागत नाही. हात पुढं केला की झालं. म्हणून ख्रिस्ती प्रीती समजून घ्यायची तर मनात काय आहे हे विचारण्याआधी हातानं काय झालं हे विचारावं लागतं.

विहिरीवरची बाई

योहानाच्या शुभवर्तमानात एक गोष्ट आहे. दुपारची वेळ, ऊन मोठं. येशू चालून दमलेला, विहिरीपाशी बसलेला. तिथं शोमरोन प्रांतातली एक बाई पाणी भरायला येते. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात तेव्हा शिवताशिवत होती. एकमेकांच्या भांड्याला कुणी हात लावत नसे. शिवाय त्या बाईचे पाच नवरे झालेले, आणि आता ज्याच्याबरोबर राहायची तो लग्नाचा नव्हता. गाव तिला काय म्हणत असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

येशू तिला उपदेश करत नाही. पहिलं वाक्य बोलतो ते पाणी मागण्याचं. बाई चकित होते, की तुम्ही यहुदी असून माझ्या हातचं पाणी कसं मागता?

आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बाईला या गोष्टीचा अर्थ पुस्तक न उघडता कळतो. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही, याचे हिशोब आपल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या ठेवले आहेत. ज्याला आपण खालचं मानतो त्याला काही देणं सोपं असतं. देणाऱ्याचा हात वरच राहतो. त्याच्याकडून मागून घेणं अवघड असतं. प्रीतीची सुरुवात या गोष्टीत मागण्यापासून झाली आहे, हे लक्षात ठेवा.

फुलहॅम ते केडगाव

हीच गोष्ट ऐकून महाराष्ट्रातल्या एका बाईचं आयुष्य बदललं. पंडिता रमाबाई. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. १८७४ च्या सुमाराला उपासमारीत वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या थोड्या महिन्यांच्या अंतरानं गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास अनवाणी, उपाशी, देशभर हिंडले. पुढं १८८० मध्ये भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये नवरा बिपिनबिहारी गेला. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी.

१८८३ मध्ये रमाबाई शिकायला इंग्लंडला गेल्या. तिथं लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी ख्रिस्ती भगिनींचं एक घर पाहिलं. समाजानं 'बिघडलेल्या' म्हणून टाकून दिलेल्या बायका तिथं राहत होत्या, आणि त्यांच्याशी सगळे मानानं बोलत होते. रमाबाईंना हे नवीन होतं. अशा बायकांना शिक्षा करणारे त्यांनी पाहिले होते, त्यांची काळजी घेणारे नव्हते पाहिले. असं का करता म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं त्यांना विहिरीवरच्या बाईची ही गोष्ट सांगितली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथं रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

इथपर्यंतचं अनेकांना ठाऊक असतं. आमच्या मते शिकण्यासारखं आहे ते पुढचं. परत येऊन ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत 'शारदा सदन' उघडलं. विधवा मुलींना राहण्या-जेवण्याची सोय आणि शिक्षण. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. दुष्काळाच्या छावण्यांत बायकांची अब्रू सुरक्षित नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. उपास काय असतो हे तर त्यांना स्वतःच्या पोटानं माहीत होतं. या बायकांसाठी केडगावला 'मुक्ती सदन' उभं राहिलं. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव स्टेशन लागतं. आपल्यापैकी कितीतरी जणी त्यावरून गेल्या असतील.

१९०० च्या सुमाराला तिथं दीड हजारांच्या वर माणसं राहत होती. एवढ्या जणींना भाकरी घालायची तर नुसत्या मायेनं भागत नाही. म्हणून तिथं शेती होती, विहिरी होत्या, गाईगुरं होती, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना होता. अंध बायकांसाठी वेगळं सदन, टाकलेल्या बायकांसाठी वेगळं सदन. रमाबाईंनी बायबलचं भाषांतर केलं ते साध्या बाईला कळेल अशा मराठीत, आणि ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या हातांत एकेकाळी दुष्काळातून आलेल्या मुलींचेही हात होते. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. मुक्ती मिशन आजही केडगावला आहे.

जिला कुणी आपल्या घरात घेत नव्हतं, तिला जेवायला ताट मिळालं, आणि त्याबरोबर हाताला कसबही मिळालं. दुसऱ्यांदा तिला कुणापुढं हात पसरायला लागू नये, इथपर्यंतचा विचार त्यात होता.

यादीतून सुटलेल्या विधवा

ख्रिस्ती मंडळी अगदी सुरुवातीची होती, तेव्हाची एक हकिगत 'प्रेषितांची कृत्ये' या भागात आहे. यरुशलेमेत रोज विधवांना अन्न वाटलं जायचं. त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटू लागल्या. बाकीच्यांना मिळायचं, यांना नाही. कुरकुर सुरू झाली. कुणी त्यांना "सहन करा, देव पाहतो आहे" असं सांगितलं नाही. सगळ्यांना बोलावलं, सात विश्वासू माणसं निवडली आणि वाटपाचं काम त्यांच्यावर सोपवलं. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होत होता, त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती पळी दिली.

आम्हाला ही हकिगत बैठकीच्या इतिवृत्तासारखी वाटते. तक्रार आली, चर्चा झाली, ठराव झाला, माणसं नेमली. आपल्या गटांतही असंच कुणीतरी सुटत असतं. आमच्या इथं मराठी नीट न कळणाऱ्या तेलुगू बोलणाऱ्या अक्का असतात. त्या बैठकीत मान डोलावतात, सही करतात, पण कर्ज कुणाला मिळालं आणि का, हे त्यांना घरी गेल्यावर पोरगं सांगतं. तुमच्या गावात ती वस्तीवरची बाई असेल, ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणारी असेल, नाही तर टाकलेली, माहेरी राहणारी असेल. गटाची पंचसूत्री आपण सगळ्या पाठ म्हणतो. नियमित बैठक, बचत, कर्जव्यवहार, परतफेड, लेखे. त्यातला प्रत्येक शब्द जी हजर आहे तिच्यासाठी आहे. जी सुटली तिचं काय, हे विचारायचं काम प्रीती करते.

हप्ता थकला तेव्हा

आमच्या एका गटातली गोष्ट सांगतो. एक बाई विड्या वळते. नवरा अचानक गेला आणि तिचे तीन हप्ते थकले. बैठकीत दोन बाजू पडल्या. एक बाजू म्हणाली, तिला सांभाळून घ्या. दुसरी म्हणाली, आमचेही पैसे घामाचेच आहेत, थकबाकी वाढली तर बँक सगळ्यांचंच कर्ज अडवेल. दोन्ही बाजू बरोबर होत्या. प्रीती म्हणजे कर्ज माफ करणं, असं ठरवलं असतं तर बाकीच्यांवर अन्याय झाला असता. नियम म्हणजे नियम, असं ठरवलं असतं तर ती गटातून गेली असती, आणि तिथून थेट सावकाराच्या दारात.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. वाटेत लुटून टाकलेल्या माणसापाशी तो थांबतो. पण तो पुढं काय काय करतो ते मोजून पाहा. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवतो, धर्मशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो. सकाळी मालकाला दोन नाणी देतो. त्या काळी एक नाणं म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. आणि सांगतो की वर खर्च झाला तर परत येताना देईन. खर्च, उधारी आणि परत येण्याची कबुली, सगळं त्यात आहे. त्यानं सगळी कमाई ओतली नाही, आपलं काम बुडवलं नाही. पण उद्याची सोय लावल्याशिवाय तो निघालाही नाही.

आमच्या गटानं तसंच काहीसं केलं. हप्ता निम्मा केला, मुदत वाढवली, तसा ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पान कापायला आणि कारखान्यात विड्या द्यायला दोघी जणी काही दिवस तिच्याबरोबर राहिल्या, म्हणजे तिचं रोजचं काम बंद पडायला नको. तिचं कर्ज अजून फिटलेलं नाही. ज्या दोघी-तिघींनी विरोध केला होता, त्यांची नाराजीही पुरती गेलेली नाही. पण ती बाई दर बैठकीला येते आणि आपला हप्ता आपल्या हातानं वहीवर ठेवते.

आधी पाणी, मग बाप्तिस्मा

लक्ष्मीबाई टिळकांचं नाव आपल्या जिल्ह्यानं विसरू नये. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १० फेब्रुवारी १८९५ ला ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढची काही वर्षं त्या पतीपासून दूर राहिल्या, त्यातला बराच काळ आपल्या पंढरपुरात, बहिणीच्या घरी. नंतर त्या टिळकांकडे आल्या, तरी सोवळंओवळं पाळत होत्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग विचार करता करता त्यांना उमगलं, की जाती देवानं केलेल्या नाहीत, माणसानं केल्या आहेत. त्यानंतर त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. पाणी त्याच्या आधीच पिऊन झालं होतं.

पुढं त्यांच्या घरात किती निराधार पोरं वाढली, हे 'स्मृतिचित्रे' वाचलं की कळतं. ते पुस्तक गटाच्या वाचनासाठी जरूर मिळवा. शाळेत न गेलेल्या बाईनं आपलं आयुष्य किती मोकळेपणानं आणि हसत हसत सांगितलं आहे, ते वाचून तुम्हालाही लिहावंसं वाटेल.

कुंपणातली काळजी

आता अवघड भाग. काळजी घेतली की ती प्रीतीच असते, असं नाही.

आपल्या सोलापुरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. हे नाव आलं इंग्रजांच्या काळातून. १८७१ मध्ये सरकारनं कायदा करून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, आणि पुढं त्यांना तारेच्या कुंपणाआड वसाहतींत ठेवलं. सोलापूरच्या वसाहतीच्या कारभारात अमेरिकन मराठी मिशनचाही हात होता. आत शाळा होती, औषधपाणी होतं, गिरणीत काम मिळत होतं. चांगल्या मनाची माणसंही तिथं राबली असतील. पण बाहेर जायचं तर परवानगी, आणि रोज हजेरी. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यावरही पाच वर्षं हा कायदा होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. तार गेली तरी नाव चिकटलेलं आहे. आजही अशा वस्तीतल्या बाईला गटात घ्यायचं म्हटलं की कुणीतरी पुटपुटतं, "पैशाचा व्यवहार आहे, जरा बघा." जिच्यावर विश्वास टाकायचा नाही, तिला कितीही कपडे-धान्य वाटलं तरी विहिरीवरच्या त्या गोष्टीपासून आपण लांबच राहतो.

मोकळीकीचा प्रश्न रमाबाईंच्याही वाट्याला आला. शारदा सदनात मुलींना आपापला धर्म पाळायची मुभा होती. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये मोठा वाद झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोण बरोबर यावर आजही दोन मतं आहेत. आम्ही त्यातून एक गोष्ट घेतली. भुकेल्या माणसाला भाकरी देताना त्या बदल्यात काहीच मागायचं नाही, ना धर्म, ना मत, ना मोर्चाला हजेरी. आणि त्याच शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांनी त्याच वर्षी, ११ मार्चला, धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं. चांगलं काम एका धर्माच्या दारात अडून राहत नाही.

सहन करणं म्हणजे प्रीती नव्हे

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्रीती सोसते, क्षमा करते, हे खरं. पण हे वाक्य मार खाणाऱ्या बाईला सांगू नका. शोमरोनी माणसानं जखमीला उचललं, चोरांच्या हवाली परत केलं नाही. घरात मारहाण होत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, तातडीला ११२ आहे. जिला फोन करायची भीती वाटते, तिच्या शेजारी बसून फोन लावून देणं, हे शेजारणीवरच्या प्रीतीचं काम आहे.

येत्या बैठकीसाठी

कार्यक्रम संपवण्याआधी चार कामं देतो. हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं यावर बोला.

एक, गटाची वही काढा आणि गेल्या सहा महिन्यांत कोण गैरहजर राहिली, कुणी कर्ज मागितलंच नाही, ते पाहा. त्यांच्या घरी दोघी जणी जाऊन या. पैसे मागायला नको, विचारपूस करायला.

दोन, इतिवृत्त जिला वाचता येत नाही किंवा मराठी कळत नाही, तिला तिच्या भाषेत सांगायचं काम एका जणीवर नेमून द्या. तसा ठराव लिहा.

तीन, आपल्या गल्लीत, वाडीत, वस्तीवर असं कोणतं घर आहे जिथं आपण आजवर पाणी प्यायलो नाही? कारण विचारत बसू नका. जा आणि मागा.

चार, कुणाला मदत केली तर ती चावडीवर सांगू नका, फोटो पाठवू नका. घेणारीची मान खाली जाईल अशी मदत येशूलाही नको होती. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, या अर्थाचं त्याचं बोलणं प्रसिद्ध आहे.

मावशींच्या प्रश्नाचं आमच्या ख्रिस्ती बहिणींनी दिलेलं उत्तर मोठं नव्हतं. त्या म्हणाल्या, रविवारी ऐकतो, सोमवारी चुकतो, मंगळवारी परत सुरू करतो. तेवढं सगळ्यांनाच जमण्यासारखं आहे.

तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला पत्रानं किंवा फोननं जरूर कळवा. पुढच्या भागात आपण गटाच्या लेख्यांतल्या नेहमीच्या चुकांवर बोलू. वही आणि पेन घेऊन बसा. नमस्कार.